फ्रॅक द्रव वाळू वाहून नेतो म्हणजे नेमकं काय करतो?

भूगर्भ

विहिरीत प्रचंड दाबाने द्रव पंप करून खडकाला भेग पाडायची आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून तिच्यात वाळूचे किंवा सिरॅमिकचे कण भरून यायचे. हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग इतकंच आहे, असं बाहेरून वाटतं. भेग पाडणं त्यातल्या त्यात सोपं आहे. प्रॉपंट, म्हणजे भेगेला टेकू देणारे हे कण, हव्या त्या जागी नेऊन ठेवणं अवघड. पंप थांबला, दाब उतरला की जिथे कण नाहीत तिथली भेग मिटते आणि तिथलं तेल खडकातच राहतं. त्यामुळे भेग किती लांब गेली याच्याइतकंच वाळू किती लांब पोचली हेही विचारायला हवं.

हा धागा काढायला एक विशिष्ट कारण आहे. कामाच्या कागदांवर द्रवाची ओळख बहुतेक वेळा एकाच आकड्याने होते: '५११ प्रतिसेकंद शिअर रेटला इतके सेंटिपॉइज'. शिअर रेट म्हणजे द्रवाचे थर एकमेकांवरून किती वेगाने सरकतात ते, आणि सेंटिपॉइज हे व्हिस्कॉसिटीचं, म्हणजे दाटपणाचं, एकक. त्यावरून हा द्रव वाळू वाहील, तो वाहणार नाही, असे निवाडे केले जातात. माझ्या मते वाळूच्या बाबतीत हा आकडा जवळपास निरुपयोगी आहे. ५११ हा शिअर रेट कुठून आला? प्रयोगशाळेतला नेहमीचा फिरता व्हिस्कोमीटर मिनिटाला ३०० फेऱ्यांनी चालवला की तेवढा शिअर रेट मिळतो, म्हणून. भेगेतल्या प्रवाहाशी त्याचा संबंध नाही.

भेगेत काय असतं ते पाहू. एका भेगेच्या एका पंखातून, म्हणजे विहिरीच्या एका बाजूच्या भागातून, द्रव सेकंदाला ८ सेंटिमीटर वेगाने जातो आहे आणि भेग ५ मिलिमीटर रुंद आहे असं धरा. सपाट फटीसाठी भिंतीलगतचा शिअर रेट म्हणजे वेगाची सहापट भागिले रुंदी, म्हणजे साधारण १००. भिंतीपासून मध्याकडे जाल तसा तो कमी होतो आणि बरोबर मध्यावर शून्य होतो. कण स्वतः खाली बसताना त्याच्याभोवती जो शिअर रेट तयार होतो तोही फार लहान, पाच-दहाच्या घरातला.

आता दोन द्रव घ्या. दोघांचीही व्हिस्कॉसिटी ५११ ला ५० सेंटिपॉइज. एकाचा प्रवाह-घातांक ०.५, दुसऱ्याचा ०.८. म्हणजे पहिला घुसळल्यावर जास्त पातळ होतो आणि शांत झाल्यावर जास्त दाट. १०० ला पहिला ११३ दाखवेल, दुसरा ६९. ५ ला पहिला ५०५, दुसरा १२६. कागदावर जुळी भावंडं, पण कणाला जाणवणाऱ्या दाटपणात चौपट फरक.

हा फरक किती महागात पडतो ते कण बसण्याच्या वेगावरून कळतं. २०/४० मेश (मेश म्हणजे चाळणीचं माप) वाळूचा सरासरी कण ०.६ मिलिमीटर धरू, घनता २.६५. साध्या पाण्यात तो सेकंदाला सुमारे ९ सेंटिमीटर वेगाने खाली बसतो. भेग ३० मीटर उंच असेल तर वरून तळापर्यंत साडेपाच मिनिटं. हाच कण १०० सेंटिपॉइजच्या द्रवात सेकंदाला फक्त ३ मिलिमीटरच्या आसपास उतरतो, तेवढ्याच उंचीला अडीच तासांहून जास्त. १०० मेशचा बारीक कण, ०.१५ मिलिमीटरचा, साध्या पाण्यातही सेकंदाला दीडेक सेंटिमीटरच बसतो.

सगळ्यांनी आपापल्या बाजूने लिहा. जेलवाले (पॉलिमरने दाट केलेला द्रव), स्लिकवॉटरवाले (जवळजवळ नुसतं पाणी), दोन्ही.

पेट्रो_विद्यार्थी

फार उपयोगी धागा. एक शंका. स्टोक्सच्या नियमाने मी ०.६ मिलिमीटर कणाचा पाण्यातला वेग काढला तर सेकंदाला ३२ सेंटिमीटर येतो. तुम्ही ९ म्हणता. फरक कशामुळे?

दुसरं, वहनासाठी दाट द्रव इतका चांगला असेल तर शेलच्या, म्हणजे घट्ट चिखलखडकाच्या, विहिरींत पाण्यासारखा पातळ द्रव का वापरतात?

भूगर्भ

पहिल्याचं उत्तर देतो, दुसऱ्याचं इथले लोक माझ्यापेक्षा चांगलं देतील.

स्टोक्सचा नियम कणाभोवतीचा प्रवाह अगदी संथ असतानाच चालतो, म्हणजे कणाचा रेनॉल्ड्स आकडा (प्रवाहाचं जडत्व आणि चिकटपणा यांचं गुणोत्तर) १ च्या बराच खाली असला तर. तुमच्या ३२ सेंटिमीटरला तो आकडा जवळजवळ २०० होतो, म्हणजे नियम त्याच्या हद्दीबाहेर वापरला गेला. कणामागे भोवरे पडतात आणि रोध वाढतो. रोधाची दुरुस्ती घालून पुन्हा पुन्हा गणित केलं की उत्तर ९ च्या आसपास स्थिरावतं. १०० सेंटिपॉइजच्या द्रवात रेनॉल्ड्स आकडा ०.०२ असतो, तिथे स्टोक्स बिनघोर वापरा.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. स्टोक्समध्ये व्यासाचा वर्ग आहे, म्हणून कण निम्मा केला की वेग चौथा हिस्सा. जाड कणांना पाण्यात हा फायदा पूर्ण मिळत नाही, कारण ते नियमाच्या बाहेर असतात. बारीक कणांना बराचसा मिळतो.

पंपघर

दुसऱ्या प्रश्नासाठी थोडा इतिहास लागतो.

१९४७ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, ह्यूगोटन वायूक्षेत्रात पहिला प्रयोग झाला तेव्हा नॅपाम घालून घट्ट केलेलं गॅसोलिन वापरलं होतं. व्यापारी कामं मार्च १९४९ मध्ये ओक्लाहोमा आणि टेक्सासमध्ये सुरू झाली. म्हणजे द्रव दाट असावा ही कल्पना या तंत्राच्या जन्मापासूनची. नंतर गवारीच्या बियांपासून मिळणारा ग्वार गम आला, साठच्या दशकाच्या अखेरीस त्याचे धागे एकमेकांना जोडणारं क्रॉसलिंकिंग आलं, आणि दाट जेल हेच प्रमाण मानलं गेलं. १९९७ च्या सुमारास टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये मिचेल एनर्जी कंपनीने जेल जवळजवळ सोडून दिलं आणि पाण्यात थोडासा घर्षण कमी करणारा पॉलिमर घालून पंप करायला सुरुवात केली. विहिरी चालल्या, आणि स्वस्तात चालल्या. पुढची शेलची लाट त्यावर उभी आहे.

आता वहनाबद्दल. भूगर्भ यांनी कण तरंगत जाण्याचाच विचार मांडला आहे, आणि माझा आक्षेप तिथेच आहे. पातळ द्रवात वाळू तरंगत जातच नाही. ती तळाशी बसते, तिचा ढिगारा होतो आणि पुढची वाळू त्या ढिगाऱ्यावरून सरकत, उड्या मारत जाते. हे काही नवं नाही. कर्न, पर्किन्स आणि वायंट यांनी १९५९ मध्येच दोन समांतर पाट्यांमधल्या फटीत पाणी आणि वाळू सोडून हे दाखवलं.

आकड्यांत बघा. मिनिटाला ९० बॅरल म्हणजे १४ घनमीटरहून थोडं जास्त. दहा क्लस्टर (विहिरीच्या नळीला पाडलेल्या छिद्रांचे गट), प्रत्येकाचे दोन पंख, भेग ३० मीटर उंच आणि ५ मिलिमीटर रुंद. भेगेत सुरुवातीला सरासरी वेग येतो सेकंदाला ८ सेंटिमीटर. २०/४० कण ९ सेंटिमीटरने खाली बसतो, म्हणजे जितका पुढे तितकाच, किंबहुना थोडा जास्तच, खाली. अगदी वरून निघालेला कणही २५-२७ मीटरवर तळाला लागतो. १०० मेशचा कण मात्र दीडशे मीटरच्या आसपास जातो. स्लिकवॉटरसोबत बारीक वाळू का आली याचं उत्तर इथेच आहे.

पण गोष्ट इथे थांबत नाही. तळाशी ढिगारा वाढला की वरची मोकळी जागा कमी होते. ३० मीटरऐवजी ३ मीटर उरली की तोच प्रवाह सेकंदाला ८० सेंटिमीटर वेगाने धावतो. एका टप्प्यावर जेवढी वाळू बसते तेवढीच उचलली जाते आणि ढिगाऱ्याची उंची स्थिर राहते. त्यानंतर आलेली वाळू ढिगाऱ्याच्या माथ्यावरून जाऊन त्याच्या पलीकडच्या उतारावर पडते आणि ढिगारा लांब होत जातो. म्हणजे आधी गेलेली वाळू विहिरीजवळ राहते आणि नंतरची लांब जाते. जेलमध्ये बरोबर याच्या उलट. पंपिंगच्या वेळापत्रकात कुठल्या मापाची वाळू आधी आणि कुठली नंतर, हे या एका फरकावर ठरतं. जेलचं वेळापत्रक स्लिकवॉटरला लावणारे लोक मी बघितले आहेत. त्यांच्या जाड वाळूने कुठे मुक्काम केला असेल याची मला खात्री आहे.

म्हणून माझं म्हणणं असं: पातळ द्रवात व्हिस्कॉसिटीपेक्षा वेग मोठा. पंपाचा दर टिकवा.

बहुवारिक

पंपघर, ढिगाऱ्याचं वर्णन सुरेख. पण 'पंपाचा दर टिकवा' याला मर्यादा आहे. तो ८० सेंटिमीटरचा वेग विहिरीजवळ. टोकाकडे जाताना द्रव खडकात झिरपतो, आजूबाजूच्या नैसर्गिक भेगांत शिरतो, आणि वेग पडतो. शिवाय ढिगाऱ्याच्या वर जी ३ मीटर फट उरली तीत पंप थांबल्यावर काय असेल? वाळू नसेल, तर ती मिटेल. ढिगाऱ्याचा माथा आणि भेगेचं छत यांच्यामध्ये भेगेचा संपर्कच तुटण्याची भीती असते.

मी जेलच्या बाजूचा आहे, त्यामुळे द्रवाच्या आत काय चालतं त्यावर लिहितो.

साधा ग्वार पाण्यात घातला, घनमीटरला अडीच ते पाच किलो, तर दहा-वीस-तीस सेंटिपॉइजचा द्रव मिळतो. वाळू त्यात हळू बसते पण बसते. क्रॉसलिंकर घातला की लांब साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि त्याच ग्वारची व्हिस्कॉसिटी शेकड्यांत जाते. इथे फक्त व्हिस्कॉसिटी बदलत नाही, द्रवाला लवचिकता येते. ताणला तर तो मागे ओढतो. चांगल्या क्रॉसलिंक जेलमध्ये वाळू नुसती लटकून राहते, व्हिस्कॉसिटीच्या गणिताने येणाऱ्या वेगापेक्षा कितीतरी हळू बसते. म्हणून ज्यांना वहनाची खरी काळजी आहे त्यांनी फिरत्या व्हिस्कोमीटरबरोबर दोलन चाचणीही मागावी, जिच्यात द्रवाचा लवचिक भाग आणि चिकट भाग वेगळे मोजता येतात. लवचिक भाग वरचढ असेल तर वाळू टिकते.

याचा सर्वात स्पष्ट पुरावा व्हिस्कोइलॅस्टिक सरफॅक्टंट द्रव. त्यांत पॉलिमर नसतोच. साबणासारखे रेणू एकत्र येऊन लांब, किड्यांसारखे धागे बनवतात आणि ते एकमेकांत गुंततात. व्हिस्कॉसिटीचा आकडा जेलच्या तुलनेत किरकोळ, तरी वाळू उत्तम वाहतात. आणि तेलाशी गाठ पडली किंवा खडकातल्या पाण्याने पातळ झाले की ते धागे आपोआप मोडतात, मागे गाळ राहत नाही.

क्रॉसलिंकरमध्येही जातीजातीचा फरक आहे. बोरेटचे दुवे उलटसुलट होणारे आहेत: नळीत घुसळून तुटले तरी भेगेत शांत झाल्यावर पुन्हा जुळतात. त्याला अल्कधर्मी पाणी लागतं, पीएच साधारण ९ ते ११, आणि तापमान दीडशे अंश सेल्सियसच्या पलीकडे गेलं की तो दमतो. फार मोठ्या दाबाखालीही बोरेटचे दुवे सैल होतात हे मोजलेलं आहे, आणि पृष्ठभागावरच्या साध्या चाचणीत ते दिसत नाही. त्याहून गरम विहिरींना झिर्कोनियम किंवा टायटॅनियम. पण ते दुवे एकदा घुसळून तुटले की गेले. म्हणून नळीतला प्रवास संपत येईपर्यंत क्रॉसलिंकिंग लांबवावं लागतं. वेळ चुकली तर जेल नळीतच जुळतं, तिथेच तुटतं, आणि भेगेत पाण्यासारखा द्रव पोचतो. वर काढलेल्या नमुन्यात मात्र सगळं छान असतं.

ब्रेकरचंही, म्हणजे जेल मोडणाऱ्या रसायनाचंही, तसंच. वाळू पोचवून झाल्यावर जेल मोडायलाच हवं, नाहीतर पोचवलेल्या वाळूच्या थरात ते अडकून तेलाची वाट बंद करतं. द्रव खडकात झिरपताना पॉलिमर मागे राहतो आणि दाट होत जातो, त्यामुळे भेगेतला अवशेष टाकीतल्या जेलपेक्षा फार जड असतो. साध्या ग्वारमध्ये न विरघळणारा भागही वजनाच्या सहा ते दहा टक्क्यांपर्यंत असतो, तो वेगळाच. म्हणून ब्रेकर भरपूर घालण्याचा मोह होतो. पण भेग मिटायच्या आधीच जेल मोडलं तर वाळू हवेत सोडल्यासारखी खाली येते. कॅप्सूलमध्ये बंद केलेला ब्रेकर निघाला तो यासाठीच: भेग मिटताना कवच फुटावं आणि तेव्हाच ब्रेकर मोकळा व्हावा.

पेट्रो_विद्यार्थी

बहुवारिक, म्हणजे काचेच्या नळकांड्यात जेल भरून त्यात वाळू टाकायची आणि किती वेळात बसते ते बघायचं, ही चाचणी पुरेशी आहे का? आमच्याकडे प्रात्यक्षिकात तीच होती.

बहुवारिक

पुरेशी नाही, आणि ती नेहमी द्रवाच्या बाजूने चुकते. नळकांड्यातला द्रव स्थिर असतो. भेगेतला द्रव आडवा वाहतो, त्या वाहण्याने तो घुसळला जातो आणि पातळ होतो. कण खाली बसतो तो या पातळ झालेल्या द्रवातून. घुसळल्यावर जास्त पातळ होणाऱ्या द्रवात हा फरक मोठा. चाचणी वाहत्या द्रवात, फटीत करा, आणि विहिरीच्या तापमानाला करा. तापमान विसरू नका. साधं पाणीसुद्धा २० अंशांना १ सेंटिपॉइज आणि १०० अंशांना ०.२८.

भूगर्भ

एक भर. एकट्या कणाचा वेग आणि गर्दीतल्या कणाचा वेग वेगळा. कण खाली जाताना तेवढाच द्रव वर येतो आणि बाकीच्यांना अडवतो. रिचर्डसन आणि झाकी यांनी १९५४ मध्ये याचं सूत्र दिलं, ते अजून सगळीकडे वापरतात. दाट द्रवात घनमीटरला ९६० किलो वाळू घातली तर मिश्रणाच्या आकारमानात वाळू २७ टक्क्यांच्या आसपास होते आणि बसण्याचा वेग पावपटीवर येतो. जेलमध्ये एवढी वाळू जाते, त्यामुळे गर्दीचा फायदा जेललाच मिळतो. स्लिकवॉटरमध्ये घनमीटरला शंभर-दोनशे किलोच असते, तिथे फायदा किरकोळ.

पंपघर

पण हे सूत्र साध्या द्रवांचं आहे. घुसळल्यावर पातळ होणाऱ्या, लवचिक द्रवात कण एकामागे एक रांग धरतात, झुबके करतात, आणि झुबका एकट्या कणापेक्षा वेगाने खाली जातो. पुढच्या कणाने वाट पातळ केलेली असते, मागचा तीच वाट धरतो. तेव्हा पावपट हा आकडा जेलला तसाच लावणं धाडसाचं.

भूगर्भ

मान्य. म्हणून गणितात तो आकडा घालायचा, आणि फटीतल्या चाचणीने तपासल्याशिवाय त्यावर वेळापत्रक ठरवायचं नाही.

आडवी_विहीर

सगळे भेगेत शिरले. वाळूला आधी भेगेपर्यंत तर पोचू द्या.

साडेपाच इंची केसिंगमध्ये, म्हणजे विहिरीच्या पोलादी नळीत, मिनिटाला ९० बॅरल म्हणजे सेकंदाला २० मीटरहून जास्त वेग. त्या वेगाने धावणारा कण जड असतो, त्याला बाजूच्या पर्फोरेशनमध्ये, म्हणजे नळीच्या छिद्रात, काटकोनात वळता येत नाही. द्रव वळतो, कण सरळ पुढे निघतो. म्हणून टप्प्यातल्या (एका वेळी फ्रॅक होणाऱ्या भागातल्या) पहिल्या क्लस्टरला, विहिरीच्या टाचेकडच्या, म्हणजे आडवा भाग सुरू होतो त्या बाजूच्या, त्याच्या वाट्याच्या द्रवापेक्षा कमी वाळू मिळते आणि शेवटच्यांना जास्त. दुसरीकडे प्रत्येक क्लस्टरला थोडा द्रव निघून जातो आणि पंजाकडे, म्हणजे विहिरीच्या दूरच्या टोकाकडे, जाईपर्यंत केसिंगमधला वेग इतका पडतो की वाळू नळीच्या तळाशी लोळू लागते. तिथे खालच्या बाजूच्या छिद्रांना वाळू मिळते, वरच्यांना जवळपास नुसतं पाणी. कॅमेरे उतरवून पर्फोरेशनचे फोटो घेतात तेव्हा खालच्या बाजूची छिद्रं जास्त झिजलेली दिसतात.

द्रवाचा गुण इथेही लागतो. दाट द्रव कणाला स्वतःबरोबर वळवतो. बारीक आणि हलका कण सहज वळतो. १०० मेश वाळू क्लस्टरांत बऱ्यापैकी सारखी वाटली जाते, ३०/५० जाते तितकी नाही. एकाच टप्प्यात दोन मापांची वाळू असेल तर प्रत्येक क्लस्टरला वेगळं मिश्रण मिळतं, आणि पृष्ठभागावरच्या नोंदीत सगळ्यांना सारखं मिळाल्याचं दिसतं.

छिद्र आणि कण यांच्या मापाचा जुना नियम अजून खरा आहे: छिद्राचा व्यास कणाच्या सहापट तरी हवा. भेगेची रुंदी कणाच्या दोन-तीनपटींच्या खाली गेली की कण कमान करून अडकतात. मग मागे वाळू साठते, दाब एकदम चढतो आणि स्क्रीनआउट होतो. द्रव कितीही चांगला असला तरी अरुंद फटीतून जाड कण तो नेऊ शकत नाही. सुरुवातीला वाळूविना जो द्रव पाठवतात, पॅड, तो रुंदीसाठीच.

पेट्रो_विद्यार्थी

हल्ली हाय व्हिस्कॉसिटी फ्रिक्शन रिड्यूसर (घर्षण कमी करणारा, पण द्रव दाटही करणारा पॉलिमर) बद्दल खूप वाचतो. तो जेल आणि स्लिकवॉटर यांच्यामधला मार्ग का?

बहुवारिक

बऱ्याच अंशी हो. स्लिकवॉटरमधला पॉलिअॅक्रिलामाइड मुळात वाळूसाठी घातलेला नव्हता. टॉम्स यांनी १९४८ मध्ये दाखवलं की द्रवात अगदी थोडा लांब साखळीचा पॉलिमर घातला तर खळाळत्या प्रवाहाचं घर्षण विलक्षण कमी होतं. नळीतला दाब वाचवण्यासाठी तो घालत. पुढे लक्षात आलं की त्याचंच प्रमाण काहीपट वाढवलं तर घर्षणही कमी राहतं आणि व्हिस्कॉसिटी दहा-वीस सेंटिपॉइजपर्यंत जाते, कमी शिअर रेटला त्याहून बरीच जास्त. वेगळी जेल मिसळायची यंत्रणा लागत नाही, आणि पंप चालू असताना मात्रा कमीजास्त करता येते. ही सोय फार मोठी आहे.

अडचण पाण्याची. पॉलिअॅक्रिलामाइडच्या साखळीवर ऋण भार असतो, त्या भारांच्या आपसातल्या ढकलाढकलीमुळेच ती लांब पसरते. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम किंवा लोह असलं की ते भार झाकले जातात आणि साखळी गोळा होऊन बसते. लांबी गेली की व्हिस्कॉसिटी गेली. विहिरीतून आलेलं पाणी पुन्हा वापरायचं असेल तर त्यात लिटरला लाख मिलिग्रॅमहून जास्त क्षार असू शकतात. नळाच्या पाण्यात घेतलेली चाचणी अशा वेळी काही कामाची नाही. खारं पाणी सहन करणारे पॉलिमर आहेत, पण ते ज्या पाण्यात पंप होणार त्याच पाण्यात तपासले पाहिजेत. आणखी एक: ग्वारवर चालणारे एन्झाइम ब्रेकर यावर चालत नाहीत. याचा कणा कार्बन-कार्बन बंधांचा आहे, त्याला ऑक्सिडायझरच लागतो.

खडकवाचक

मी खडकाच्या बाजूचा, बरेच दिवस नुसता वाचतो आहे. एक गोष्ट राहिली आहे असं वाटतं.

टेक्सासच्या मिडलंड खोऱ्यात, वुल्फकँप खडकात, हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग टेस्ट साइट नावाचा प्रकल्प झाला. आधी फ्रॅक केलेल्या विहिरींच्या शेजारून तिरकी विहीर खोदून फ्रॅक झालेल्या खडकातून १८० मीटरच्या आसपास गाभा, म्हणजे खडकाचा लांब दंडगोल नमुना, काढला. त्यात शेकडो कृत्रिम भेगा सापडल्या, अपेक्षेपेक्षा खूप जास्त, काही तर अगदी खेटून. पण वाळू मिळाली ती त्यांतल्या थोड्याच भागात. म्हणजे पाणी जिथे गेलं तिथे वाळू गेली नाही.

याला पंप बंद झाल्यानंतरचा काळही कारणीभूत असणार. इथे सगळी चर्चा पंप चालू असतानाची झाली. शेलची झिरप इतकी कमी असते की भेग मिटायला तास, कधी त्याहून खूप जास्त वेळ लागतो. पंपघर यांच्या ३० मीटर भेगेत १०० मेशचा कण अर्ध्या तासात वरून तळाला जातो. मग भेग मिटण्याआधी तरंगत असलेली सगळी बारीक वाळू खाली उतरलेली असेल. वरचा भाग उघडा.

घनतेकडे कुणी पाहिलं नाही. बॉक्साइटचा कण ३.५ घनतेचा, तो वाळूपेक्षाही लवकर बसतो, पण खोल विहिरीतल्या दाबाखाली चुरडत नाही म्हणून वापरतात. उलट टोकाला १.०५ घनतेचे अतिहलके कण. ०.६ मिलिमीटरचा असा कण साध्या पाण्यात सेकंदाला ७ मिलिमीटरच उतरतो, वाळूच्या तुलनेत बारा-तेरापट हळू. त्याला दाट द्रव लागतच नाही. मर्यादा ताकदीची, तापमानाची आणि अर्थातच खर्चाची.

पंपघर

खडकवाचक, भेगेचा वरचा भाग उघडा राहतो हे मान्य. पण त्याने विहीर वाया जाते असं नाही. खडकाच्या दोन्ही बाजू खडबडीत असतात, थोड्या सरकलेल्या असतात, त्यामुळे वाळूविनाही काही वाट उरते. शेलमधून तेल इतकं संथ येतं की थोडी वाट सुरुवातीला पुरते. दाब उतरत जातो तशी ती मिटते, आणि उत्पादनाचा आलेख घसरतो त्यामागे हेही एक कारण असावं. बारीक वाळूचं तसंच: ०.६ च्या जागी ०.१५ चा कण घेतला तर थराची पार्यता, म्हणजे द्रव आरपार जाऊ देण्याची क्षमता, सोळापट कमी होते, पण शेलला ती चालते. चांगल्या पार्यतेच्या वालुकाश्मात चालणार नाही. तिथे मी बहुवारिक यांच्या बाजूने, क्रॉसलिंक जेल आणि जाड प्रॉपंट.

पेट्रो_विद्यार्थी

मी ४०/७० वाळूचं गणित केलं, सरासरी कण ०.३ मिलिमीटर. पाण्यात सेकंदाला ४.३ सेंटिमीटर. पंपघर यांच्या भेगेत तो ५५ मीटरच्या आसपास तळाला लागतो. १० सेंटिपॉइजचा फ्रिक्शन रिड्यूसर घेतला तर वेग ७.७ मिलिमीटर आणि अंतर ३०० मीटरच्या वर. इतका फरक? बरोबर आहे का?

भूगर्भ

गणित बरोबर. पण तो १० कुठल्या शिअर रेटचा, किती अंशांचा आणि कुठल्या पाण्यातला? गरम भेगेत, खाऱ्या पाण्यात १० चे ४ झाले तर तोच कण १४० मीटरवर तळाला लागेल. ४ घालून पुन्हा करून बघा. आणि प्रयोगशाळेकडे मागताना एक आकडा मागू नका. ५ पासून ५११ पर्यंतची पूर्ण वक्ररेषा मागा, विहिरीच्या तापमानाला, प्रत्यक्ष वापरायच्या पाण्यात, ब्रेकर घालून, आणि भेग मिटेपर्यंतच्या वेळेची.